पॅरिसचे रस्ते ओस का दिसतात?

इतिहासाच्या पुस्तकातलं एखादं जुनं छायाचित्र आपण वर्गात कसं वापरतो? बहुधा ‘हे पहा, तेव्हा असं होतं’ एवढं म्हणून पान उलटतो. हाताने काढलेल्या चित्राबद्दल आपण थोडे सावध असतो. चित्रकाराने त्यात आपल्या मनाचं काही मिसळलं असेल, हे आपल्याला ठाऊक असतं. छायाचित्राबद्दल मात्र अशी शंका येत नाही. यंत्राने टिपलं ते खरंच असणार!

या लेखात आम्ही पॅरिस शहराची काही जुनी छायाचित्रं घेऊन ही समजूत तपासून पाहणार आहोत. पॅरिस निवडण्याचं कारण सरळ आहे. छायाचित्रणाची रीत जगापुढे पहिल्यांदा याच शहरात जाहीर झाली, आणि पुढच्या नव्वदएक वर्षांत या शहराच्या इमारती, गल्ल्या आणि रस्ते जितक्या चिकाटीने टिपले गेले तितके फार थोड्या शहरांचे टिपले गेले असतील. शिवाय याच काळात जुनं पॅरिस पाडून नवं उभं राहिलं. त्यामुळे पाडलेल्या पॅरिसबद्दल आज आपल्याला जे दिसतं, त्यातलं बरंचसं या छायाचित्रांतूनच दिसतं.

एक रस्ता, दोन माणसं

१८३८ साली लुई दागेर याने आपल्या घराच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचं चित्र घेतलं. दागेर हा मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार. रस्त्याचं नाव बुलव्हार द्यु तांप्ल. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, उंच घरं, धुराडी, फरसबंदी रस्ता. सगळं इतकं रेखीव की भिंग घेऊन खिडक्या मोजाव्यात. पण रस्त्यावर माणूस नाही, घोडागाडी नाही. एखाद्या साथीत गाव ओस पडावं तसा देखावा.

खरं तर हा पॅरिसमधला अतिशय गजबजलेला रस्ता होता. इथे ओळीने नाटकगृहं होती. त्यांत खून-दरोड्यांची नाटकं इतकी चालत, की लोक त्याला थट्टेने ‘गुन्ह्यांचा रस्ता’ म्हणत. मग माणसं गेली कुठे?

चित्रात डावीकडे खाली नीट पाहिलं, तर एका कोपऱ्यावर एक माणूस उभा दिसतो. त्याने एक पाय वर उचलून ठेवला आहे आणि त्याच्या पायाशी आणखी एक पुसट आकृती वाकलेली आहे. तो बूट पॉलिश करून घेतो आहे. छायाचित्रात उमटलेली जगातली पहिली माणसं म्हणून या दोघांचा उल्लेख नेहमी होतो. त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

तारायंत्रामुळे प्रसिद्ध झालेला सॅम्युअल मोर्स मार्च १८३९ मध्ये पॅरिसला होता. त्याने दागेरची ही चित्रं पाहिली आणि आपल्या भावाला पत्रातून कळवलं, की हलणाऱ्या वस्तू या चित्रांत उमटत नाहीत. सदैव माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला रस्ता पूर्ण निर्जन दिसतो आणि त्यात बूट साफ करून घेणारा तेवढा एकच माणूस आहे. स्वतः चित्रकार असलेल्या मोर्सच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही.

थोडा हिशेब करू

दागेरची रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर द्यायचा आणि तो आरशासारखा घासायचा. मग त्याला आयोडिनची वाफ द्यायची. पत्र्यावर सिल्व्हर आयोडाइडचा पातळ थर तयार होतो. हा पत्रा पेटीत ठेवून भिंगाचं झाकण काढायचं. जिथे प्रकाश पडतो तिथे थरात सूक्ष्म बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. मग पत्र्याला तापवलेल्या पाऱ्याची वाफ दिली, की प्रकाश पडलेल्या जागी पाऱ्याचे कण बसून पांढुरका भाग उठून दिसतो. उरलेलं आयोडाइड मिठाच्या पाण्याने धुऊन टाकायचं. चित्र तयार! मात्र ते डावं-उजवं उलटं, आरशात दिसावं तसं, आणि त्याची दुसरी प्रत काढता येत नसे.

या थराला प्रकाश फार लागे. भिंग काही मिनिटं उघडं ठेवावं लागे. हिशेबापुरती आपण पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद धरू.

माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. त्याच्या शरीराची रुंदी अर्धा मीटर धरली, तर रस्त्यावरचा कोणताही एक बिंदू तो सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शापुरता झाकतो. ३०० सेकंदांतला एक तृतीयांश सेकंद म्हणजे एकूण प्रकाशाचा ९०० वा भाग. एवढ्याने पत्र्यावर काहीच खूण राहत नाही. उरलेला सगळा वेळ तिथे रस्त्याचा दगडच पेटीकडे प्रकाश पाठवत असतो. समजा, त्या पाच मिनिटांत शंभर माणसं त्याच बिंदूवरून गेली, तरी सगळ्यांचा मिळून हिस्सा एक नवमांश. शंभर माणसांचं एक धूसर सावट, तेही आलं तर!

आता बूटवाला. तो समजा त्यातली तीन मिनिटं जागेवर उभा राहिला, तर त्याचा हिस्सा ३०० पैकी १८०, म्हणजे तीन पंचमांश. म्हणून तो दिसतो. पॉलिश करणाऱ्याचे हात हलत होते, म्हणून तो पुसट आहे.

म्हणजे या चित्रात ‘रस्त्यावर कोण होतं’ याची नोंद झालेली नाही. ‘कोण थांबलं होतं’ याची झाली आहे. हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिला, की जुन्या छायाचित्राकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

इमारती आधी, माणसं नंतर

७ जानेवारी १८३९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीत भौतिकशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो याने या शोधाची घोषणा केली. पुढे सरकारने दागेरला आणि त्याचा दिवंगत भागीदार न्येप्स याच्या मुलाला तहहयात पेन्शन देऊन ही रीत विकत घेतली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी तिचा सगळा तपशील जाहीर केला. सरकारने हा खर्च का करावा, हे पटवताना आरागोने पुरातन वास्तूंचंच उदाहरण दिलं होतं. इजिप्तच्या देवळांवरची लक्षावधी चित्राक्षरं उतरवून घ्यायला चित्रकारांची फौज आणि अनेक दशकं लागतील. या यंत्राने एकटा माणूस ते काम करू शकेल.

ही कल्पना चटकन रुजली, कारण इमारती हलत नाहीत. १८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं, ते पडझडीला आलेली चर्च आणि किल्ले टिपण्यासाठी.

लोकांना मात्र ओस रस्ते बघवत नसावेत. लेरबूर नावाच्या पॅरिसच्या चष्मे-दुर्बिणीवाल्या प्रकाशकाने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या प्रसिद्ध स्थळांची चित्रमाला छापली. दागेरच्या पद्धतीने घेतलेल्या चित्रांवरून कोरीव ठसे करून ती छापली होती. कोरणाऱ्यांनी तिच्या चित्रांत माणसं, घोडे, गाड्या आपल्या मनाने घातल्या! आता कोणतं चित्र खरं म्हणायचं? यंत्राने घेतलेलं ओस, की हाताने भरलेलं गजबजलेलं? इमारतींपुरतं पहिलं खरं. रस्त्याच्या वर्दळीपुरतं कदाचित दुसरंच वस्तुस्थितीच्या जवळ जातं.

कागदी निगेटिव्हची पद्धत काढणारा इंग्रज शास्त्रज्ञ टॅलबट १८४३ साली पॅरिसला आला. त्यानेही तिथल्या एका रुंद रस्त्याचं चित्र घेतलं आणि पुढे पुस्तकात छापताना सोबत टिपण लिहिलं. सावल्यांवरून ही दुपारनंतरची वेळ आहे, रस्त्यावरचे दोन काळे पट्टे म्हणजे नुकतंच पाणी शिंपडल्याच्या खुणा, असं तो एक एक दाखवत जातो. छायाचित्र वाचायचं कसं, याचा हा एक जुना आणि उत्तम धडा आहे.

पाडण्याआधी टिपून ठेवा

१८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने ओस्मान या अधिकाऱ्याला पॅरिसचा कारभार दिला. जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद आणि अंधाऱ्या होत्या. रस्त्याच्या मधोमध सांडपाण्याची नाली वाहत असे. १८३२ च्या पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसमध्ये १८ हजारांहून अधिक माणसं दगावली होती. ओस्मानने १८७० पर्यंत सरळ, रुंद रस्ते काढले. अभियंता बेलग्राँ याच्या देखरेखीखाली भुयारी गटारांचं आणि पाणीपुरवठ्याचं मोठं जाळं झालं. त्यासाठी हजारो घरं पडली. दागेरच्या चित्रातल्या रस्त्यावरची बहुतेक नाटकगृहंही १८६२ मध्ये पाडली गेली. वाढलेलं भाडं न परवडणारी गरीब कुटुंबं शहराच्या पूर्वेकडच्या कडेला सरकली.

पाडण्याआधी या गल्ल्यांची नोंद राहावी, म्हणून शहराच्या प्रशासनाने १८६५ च्या सुमारास शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला काम दिलं. त्याने जुन्या गल्ल्यांची सुमारे ४२५ चित्रं घेतली. तोपर्यंत ओल्या काचपट्टीची पद्धत आली होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची आणि वाळण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुऊनही टाकायची. अंधारी खोली सोबत घेऊनच हिंडावं लागे. पण भिंग उघडं ठेवण्याचा वेळ मिनिटांवरून काही सेकंदांवर आला होता.

मार्व्हिलच्या चित्रांत ओले चकचकीत दगड आहेत, मधोमध वाहणारी नाली आहे, भिंतींवरच्या दुकानांच्या पाट्या आहेत. बिएव्र नावाची छोटी नदी आहे. तिच्या काठी कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि पुढे शहरातला तिचा सगळा प्रवाह झाकून टाकण्यात आला. एवढा तपशील आहे, पण माणसं मोजकी. चालणारा माणूस काही सेकंदांतही धूसर होतो, हे एक कारण. दुसरं असं, की काम गल्लीची नोंद करण्याचं होतं, तिथे राहणाऱ्यांची नोंद करण्याचं नव्हतं.

याच वेळी पॅरिसच्या रस्त्यावरची माणसं टिपणं अगदीच अशक्य होतं असं नाही. १८६० च्या दशकात दोन भिंगांच्या छोट्या स्टिरिओ कॅमेऱ्याने ईपोलीत जूव्हँ याने पुलांवरची आणि रस्त्यांवरची गर्दी पावलं उचललेल्या स्थितीत टिपली आहे. भिंग जवळच्या नाभीचं आणि चित्र लहान असल्यामुळे सेकंदाच्या अंशातही पुरेसा प्रकाश मिळे. पण अशा चित्रात भिंतीचा दगड न् दगड दिसत नसे. मोठं रेखीव चित्र हवं असेल तर माणसं जात, माणसं हवी असतील तर चित्राचा आकार लहान होई. काय सोडायचं, हे काम देणाऱ्याच्या गरजेवर ठरे.

मार्व्हिलच्या गल्ल्या पाहून एकाला वाटतं, ‘किती कोंदट! पाडल्या ते बरं झालं.’ दुसऱ्याला वाटतं, ‘किती देखण्या! उगाच पाडल्या.’ दोघेही त्याच चित्राचा पुरावा देतात. १८७८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शहराने मार्व्हिलकडून नवे रस्तेही टिपून घेतले आणि जुन्यांसोबत मांडले. या जोड्यांतून प्रशासनाला काय सांगायचं होतं, ते उघड आहे. गल्लीतून उठून गेलेल्या माणसाला काय वाटलं, ते मात्र चित्रात नाही.

थांबलेली माणसं आणि बनवलेली चित्रं

१८७१ च्या मार्च ते मे या काळात पॅरिसच्या कामगारांनी आणि सामान्य नागरिकांनी शहराचा कारभार हाती घेतला. हेच ते पॅरिस कम्यून. १६ मे रोजी त्यांनी नेपोलियनच्या विजयाचा व्हाँदोम चौकातला स्तंभ पाडला. ब्राकेए नावाच्या छायाचित्रकाराच्या चित्रांत स्तंभाजवळ जमलेली माणसं दिसतात. ती ओळीने, स्थिर आणि सरळ भिंगाकडे पाहत उभी आहेत. आपली नोंद व्हावी म्हणून ती मुद्दाम थांबली आहेत.

महिन्याच्या अखेरीस सरकारी सैन्याने कम्यून चिरडलं. हजारो माणसं मारली गेली. धुमश्चक्रीत नगरभवन जळालं आणि त्यातले जुने कागदपत्र नष्ट झाले. त्यानंतर अपेर नावाच्या छायाचित्रकाराने ‘कम्यूनचे गुन्हे’ या नावाची चित्रमाला विकली. त्यासाठी त्याने नटांना उभं करून प्रसंग घडवून आणले, तुरुंगात घेतलेल्या कैद्यांच्या चित्रांमधले चेहरे कापून त्या नटांच्या धडांवर चिकटवले आणि सगळ्याचं पुन्हा छायाचित्र घेतलं. संगणकाने केलेली खोटी चित्रं आज मुलांच्या हातातल्या फोनवर रोज येतात. ती युक्ती नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वी कात्री आणि डिंकाने तेच केलं गेलं.

अत्जेची तिपाई

युजेन अत्जे (१८५७–१९२७) हा नाटकातून बाहेर पडलेला नट. पोटासाठी तो छायाचित्रं काढू लागला. ‘चित्रकारांसाठी नमुने’ अशी त्याची पाटी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून त्याने ओस्मानच्या हातून वाचलेलं जुनं पॅरिस टिपायला घेतलं. दरवाजे, जिने, लोखंडी कठडे, दुकानांच्या पाट्या, चौकातले नळ. तो लाकडी भात्याचा कॅमेरा, तिपाई आणि १८ × २४ सेंटीमीटरच्या काचा घेऊन बहुधा पहाटेच निघे.

तेव्हा कोरड्या काचपट्ट्या मिळत होत्या आणि हातात धरून क्षणात चित्र घेणारे छोटे कॅमेरेही आले होते. तरी अत्जेने जुनीच रीत ठेवली. जवळची पायरी आणि दूरची कमान दोन्ही स्पष्ट हवी असेल, तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. मग प्रकाश कमी येतो आणि झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. म्हणून त्याच्या चित्रांतही रस्ते ओस आहेत आणि कुठे कुठे दारात एखादी भुतासारखी पारदर्शक आकृती आहे. ते कुणी भूत नाही. दाराशी क्षणभर थांबून आत गेलेला तो दुकानदार असेल.

मात्र अत्जेने माणसंही टिपली. रस्त्यावर दिव्यांच्या शेड विकणारा, पेटी वाजवणारा, चिंध्या गोळा करणारे. रस्त्यावरचे हे छोटे धंदे नाहीसे होत होते. त्यांची चित्रं घेताना त्या माणसांना काही क्षण थांबून उभं राहावं लागलं असणार. १९२० मध्ये त्याने आपल्या २,६२१ निगेटिव्ह फ्रेंच सरकारला दहा हजार फ्रँकना विकल्या. त्याच्या मृत्यूनंतर उरलेला संग्रह अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस अॅबट हिने विकत घेऊन सांभाळला. आपल्या चित्रांवर अत्जे जागेचं नाव लिहून ठेवी. त्यामुळे आज कोणीही त्याच जागी उभं राहून काय उरलं आणि काय गेलं, हे ताडून पाहू शकतो.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग तारीख काढण्याचा. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचा मधला निमुळता मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला होता. वास्तुकार व्हियोले-ल-द्युक याचा नवा मनोरा १८५९ मध्ये पूर्ण झाला. तो १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. तसाच मनोरा पुन्हा उभारून डिसेंबर २०२४ मध्ये चर्च खुलं झालं. म्हणजे मनोरा नसलेलं छायाचित्र एक तर १८५९ च्या आधीचं, नाहीतर २०१९ च्या आगीनंतरच्या थोड्या वर्षांतलं. आपल्या गावातही अशी खूण सापडते. पाण्याची टाकी कधी झाली, विजेचे खांब कधी आले, पूल कधी बांधला, हे विचारून घरातल्या जुन्या फोटोंचा काळ मुलांना ठरवता येईल.

दुसरा प्रयोग ओस रस्त्याचा. काही मोबाइल फोनमध्ये भिंग दहा सेकंदांपर्यंत उघडं ठेवण्याची सोय असते. संध्याकाळी अंधूक उजेडाच्या व्हरांड्यात फोन विटांवर पक्का टेकवून ठेवा. पाच मुलांना इकडून तिकडे चालत राहू द्या, एकाला स्थिर उभं करा आणि एकाला बरोबर पाच सेकंदांनी बाजूला जायला सांगा. चालणारी मुलं जवळजवळ गायब होतील. उभा राहिलेला स्पष्ट दिसेल. अर्धा वेळ थांबलेल्याच्या अंगातून मागची भिंत दिसेल. मग वर केलेला हिशेब दहा सेकंदांसाठी मुलांकडूनच करून घ्या.

तिसरं काम प्रश्नांचं. कोणतंही जुनं छायाचित्र समोर आलं, की चार प्रश्न विचारायची सवय लावू या. हे कोणी आणि कोणासाठी काढलं? भिंग किती वेळ उघडं होतं? काढणारा कुठे उभा होता? आणि यात असायला हवं होतं, पण दिसत नाही, असं काय आहे?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. चित्रात माणूस नाही, याचा अर्थ तिथे माणूस नव्हता असा होत नाही. १८३८ च्या त्या रस्त्यावर शेकडो माणसं कामाला निघाली होती. ज्यांना थांबायला सवड नव्हती, ती इतिहासातून पुसली गेली. राहिला तो बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी, हात चालू असल्यामुळे थोडासा पुसट, पॉलिश करणारा.